क्लॅरिनेटची एकच जागा

"हलू नका! अजिबात हलू नका... पाय जिथे आहे तिथेच ठेवा!"

चिंगीचा उजवा पाय हवेतच थांबला. एका हातात क्लॅरिनेटची पेटी, दुसऱ्या हातात कॉफीचा कागदी कप, आणि वर एका पायावर उभं राहायचं! संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला आलोय की सर्कशीत भरती व्हायला, हेच तिला कळेना.

"ठेवा काय ठेवा? तो वर आहे."

"मग वरच राहू द्या. एक मिनिट फक्त."

तिनं खाली पाहिलं. एक उंच, हडकुळा तरुण भर व्हरांड्यात रांगत होता आणि दोन्ही तळहातांनी फरशी चाचपत होता. बाकावर बसलेले उमेदवार आपापली वाद्यं पोटाशी धरून हा तमाशा बघत होते, पण मदतीला कोणी उठत नव्हतं. ज्याला त्याला आपली धडधड पुरेशी होती.

"हरवलंय काय?"

"चष्म्याचा स्क्रू. चष्म्याशिवाय स्क्रू दिसत नाही, आणि स्क्रूशिवाय चष्मा टिकत नाही. अडकलोय."

चिंगीला हसू फुटलं. तिनं पाय सरळ खाली ठेवला, कप बाकाच्या कडेला ठेवला आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दांडी डावी की उजवी?"

"डावी... का?"

"आणा इकडे."

चिंगीच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर आणि डबीभर सुटे स्क्रू असायचेच. बाबांचं चष्म्याचं दुकान, आणि शाळा सुटल्यापासून ही तिथेच. तिनं स्क्रू बसवला, दांडी उघडमीट करून पाहिली, काचा ओढणीनं पुसल्या आणि सवयीनं चष्मा सरळ त्याच्या नाकावर चढवला. कानामागे बोट फिरवून दांडी नीट टेकली का तेही बघितलं. आणि मग... मग तिच्या लक्षात आलं की हे गिऱ्हाईक नाही. झटकन हात मागे घेतला तिनं.

तो मात्र तसाच, गुडघ्यांवर बसलेला, तिच्याकडे बघत राहिला होता.

"अच्छा... तुम्ही अशा दिसता होय!"

"का? आधी कशी दिसत होते?"

"निळा ठिपका. बोलका."

चिंगीनं स्क्रूची डबी उगाचच उघडून बंद केली. "तुम्हीसुद्धा परीक्षेला?" तिनं विचारलं.

"परीक्षेलाच. मी पियानो." तो उठला, गुडघे झटकले, घड्याळ बघून दचकला आणि व्हरांड्याच्या टोकाला पळत सुटला. "उपकार झाले हो, क्लॅरिनेट!"

आपलं नाव सोडून वाद्याच्या नावानं कोणी हाक मारली, म्हणून खरं तर राग यायला हवा होता. आला नाही.

* * *

अर्ज भरला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "बघ प्रयत्न करून. नाही जमलं तर दुकान आहेच." ते प्रेमानंच म्हणाले होते, पण त्यातला 'आहेच' चिंगीच्या मनात खड्यासारखा टोचत राहिला. तेवीस वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्या वर्षानंतर वयात बसणार नव्हती. आणि क्लॅरिनेटची जागा होती एकच.

शाळेच्या बँडमधल्या सरांनी तिला वाजवायला शिकवलं. पुढे ती दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी उभी राहून वाजवत आली. साथीला मोबाइलमध्ये भरून ठेवलेला पियानो. ही साथ कुणासाठी थांबत नसे. चिंगी मागे पडली तर तो पियानो आपला पुढे चालता व्हायचा, बस चुकावी तसा.

म्हणून दार उघडून ती परीक्षेच्या दालनात गेली, आणि तिथल्या भल्यामोठ्या काळ्या पियानोमागून तोच मघाचा चष्मा वर आला, तेव्हा ती दारातच थबकली. म्हणजे हा उमेदवार नव्हे... हा साथीदार!

समोर तीन परीक्षक. मधल्या विभागप्रमुख बाई, आखूड पांढऱ्या केसांच्या, नाकावर चष्मा, डोळे थेट आरपार.

चिंगी पियानोजवळ सरकली आणि कुजबुजली, "मी कधी सुरू करणार ते तुम्हाला कळणार कसं?"

"तुम्ही श्वास घ्या," तोही कुजबुजला. "बाकीचं माझ्यावर सोडा."

तिनं श्वास घेतला. पियानोमागे त्यानंही घेतला. तेवढाच खोल, त्याच क्षणी. आणि दोन्ही वाद्यं अशी एकदम निघाली की चिंगीच्या अंगावर काटा आला. मध्ये एका अवघड वळणावर ती अडखळली. सवयीनं वाटलं, झालं, गेली बस... पण पियानो तिथेच होता. दारात उभं राहून चप्पल घालणाऱ्याची वाट बघावी, तसा तो तिच्यासाठी रेंगाळला, आणि ती आल्यावर तिच्याबरोबर चालू लागला.

आपल्यासाठी कोणीतरी थांबतंय, हे तिला नवीन होतं.

संध्याकाळी दुसऱ्या फेरीसाठीची तीन नावं पुकारली. त्यात तिचं होतं.

* * *

बसथांब्यावर पाऊस भुरभुरत होता. तो मागून धावत आला, अंगातला कोट काढला आणि... तिच्या हातातल्या पेटीवर पांघरला.

"अहो, मी भिजतेय!"

"तुम्ही वाळाल. ते लाकूड आहे, फुगेल."

"काय पण माणुसकी!"

"साथीदाराला पहिली काळजी वाद्याची." मग तो थोडा घुटमळला. "दुसरी कोणाची, ते... ते माणसावर अवलंबून असतं."

चिंगीनं रस्त्याकडे तोंड फिरवलं. कान गरम झाले होते, आणि कानांचं काही लपवता येत नाही.

तो सांगत गेला. सकाळी तो लहान मुलांच्या नृत्यशाळेत पियानो वाजवायचा, परीक्षांच्या दिवसांत महाविद्यालयात. दुसऱ्या फेरीतल्या तिन्ही उमेदवारांना तोच साथ करणार होता, आणि सराव हवा असेल तर नृत्यशाळेचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो. "बाकीचे दोघं सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आधी येणार आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला संध्याकाळ चालेल?"

"दुकान बंद करून येईन."

"या ना. मी कुठे जातोय?"

मग त्या संध्याकाळी सुरू झाल्या. हॉलच्या एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा होता. एरवी चिमुकल्या मुली त्यात आपली पावलं बघत. चिंगी त्या आरशात चोरून त्याला बघायची. वाजवताना तो ओठ मुडपायचा. अवघड जागा आली की भुवया वर जायच्या, आणि ती जागा नीट पार पडली की एकट्याशीच मान डोलवायचा. पियानोची एक पट्टी दाबली की वर येतच नसे. ती तो करंगळीनं खालून उचलायचा, वाजवता वाजवता, माशी झटकावी तसा.

"पळताय," तो म्हणायचा. "इथे विश्रांती आहे. गाडी सुटत नाहीये."

"रिकामं वाटतं हो. भीती वाटते."

"रिकामं कुठेय? मी आहे की तिथे."

असं काहीतरी बोलायचा आणि पुन्हा स्वरलिपीच्या पानात डोकं घालायचा. बोललो ते त्याला कळायचं की नाही, कोण जाणे. चिंगीला मात्र ते घरी जाईपर्यंत पुरायचं.

एकदा तो दुकानातही आला. चष्मा सैल झालाय, असं निमित्त होतं. बाबांनी चष्मा हातात घेऊन हलवून पाहिला. तो जराही सैल नव्हता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि गंभीर चेहऱ्यानं त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं.

"लांबचं दिसतं का?"

"नाही काका. लांबचं काही दिसत नाही."

"आणि जवळचं?"

"जवळचं..." त्याची नजर काउंटरमागे गेली, "छान दिसतं."

"हं," बाबा म्हणाले. "हा नंबर आमच्याकडे उतरत नाही."

चिंगी मागच्या खोलीत पळाली आणि उगाचच काचा घासायचं मशीन सुरू करून उभी राहिली.

* * *

दुसऱ्या फेरीच्या दिवशी तिचा नंबर शेवटचा होता. आधी एक ताडमाड मुलगा, मग लांब वेणीची मुलगी, मग चिंगी. दालनाच्या दाराबाहेर खुर्ची होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

वेणीवाल्या मुलीनं सुरुवात केली. त्याआधी क्षणभर शांतता... आणि त्या शांततेत चिंगीला आतून दोन श्वास ऐकू आले. एक त्या मुलीचा, आणि एक त्याचा. तेवढाच खोल, त्याच क्षणी.

चिंगीच्या छातीत काहीतरी काडकन तुटलं.

त्या मुलीसाठीही तो थांबत होता. ती अडखळली की रेंगाळत होता, आली की बरोबर चालत होता. तो सगळ्यांना साथ करतो, हे चिंगीला माहीत होतं. त्यानंच तर सांगितलं होतं, पहिल्याच संध्याकाळी. पण माहीत असणं वेगळं आणि बंद दाराआडून ऐकणं वेगळं. 'मी आहे की तिथे'... हेही सकाळी सकाळी सगळ्यांना सांगत असेल! अगं वेडे, तिनं स्वतःला सुनावलं, हे त्याचं काम आहे. तू गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट फिरवतेस तेव्हा काय प्रेमात पडलेली असतेस का?

दार उघडलं. "क्लॅरिनेट, या."

तो पियानोमागून हसला. ती हसली नाही.

"काय झालं?" त्यानं ओठांनीच विचारलं.

"काही नाही. वाजवा तुम्ही."

ती जी रचना वाजवणार होती, तिची सुरुवात एकट्या क्लॅरिनेटची होती. पियानो नाही, काही नाही. एक लांबलचक ओळ, शेवटी एक धरून ठेवलेला स्वर, आणि त्या स्वराखाली हलकेच पियानो यायचा. सरावात ही ओळ वाजवताना चिंगी नेहमी पुढे बघायची, कधी एकदा तो येतोय म्हणून. आज तिनं त्याच्याकडे पाठच केली. नको कोणी. येतं मला चालायला.

आणि ती वाजवू लागली. घाई नाही, पळापळ नाही. विश्रांतीच्या जागी ती खरोखर थांबली, आणि ती शांतता तिला रिकामी वाटली नाही; दुखरी वाटली, पण स्वतःची वाटली. खिडकीजवळचे परीक्षक लिहिता लिहिता थांबले. ओळ वर चढली, वळली, आणि शेवटच्या स्वरावर येऊन टेकली. आता पियानो.

पियानो आला नाही.

तिनं स्वर धरून ठेवला. येईल... आता येईल. नाही! पोटातली हवा ओसरू लागली. तिनं मान वळवली. तो बसला होता, हात पट्ट्यांवर, चेहरा तिच्याकडे, डोळे भरलेले. वाजवायचंय हे पार विसरून गेलेला माणूस.

चिंगीनं स्वर बारीक केला, अगदी धाग्याएवढा, पण तुटू दिला नाही. भुवया उंचावून त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो दचकला. आणि मग, त्या धाग्याच्या शेवटच्या टोकाला, पियानो आला.

पुढचं सगळं तिला नीटसं आठवत नाही. रचना संपली. त्यानंतर तिच्यासमोर एक अगदी नवं पान ठेवलं गेलं. न पाहिलेलं, न ऐकलेलं, आयत्या वेळी वाजवून दाखवायचं. तिथे मात्र तिची गाळण उडाली. दुसऱ्याच ओळीत चुकली, थांबली, माफी मागितली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली.

जागा त्या ताडमाड मुलाला मिळाली.

विभागप्रमुख बाईंनी तिला बाजूला बोलावलं. "तुमचा स्वर मला हवा होता," त्या म्हणाल्या. "मघाशी जो धरून ठेवलात ना, तो तर फारच. पण नवं पान दिसलं की तुम्ही घाबरता आणि थांबता. आमच्याकडे रोज नवं पान असतं. वर्षभर तेवढं करा आणि पुन्हा या."

ती व्हरांड्यात आली तेव्हा आत व्हायोलिनच्या उमेदवारांची परीक्षा सुरू झाली होती. तो पियानोवर अडकलेला. ती थांबली नाही. पेटी घेतली आणि घरी गेली.

* * *

"मग?" बाबांनी विचारलं.

"नाही मिळाली." ती स्टुलावर बसली. "बरं झालं. दुकान आहेच."

बाबा हातातली फ्रेम पुसत राहिले. पुसून झालेली फ्रेम त्यांनी पुन्हा पुसली. मग म्हणाले, "मी ते वाक्य बोलायला नको होतं."

"कुठलं?"

"हेच, दुकान आहेच. तुला आधार वाटावा म्हणून बोललो. तू तर ते शिक्षा सुनावल्यासारखं म्हणतेयस." त्यांनी फ्रेम ठेवली. "पुढच्या वर्षी वयात बसतेस ना?"

"बसते. शेवटचं."

"मग बस की. मशीनवर एखादा मदतनीस ठेवू. तू मागच्या खोलीत वाजवत नव्हतीस ना चिंगे, तेव्हा मला काचासुद्धा नीट घासता यायच्या नाहीत."

चिंगी रडली. जागा गेली तेव्हा रडली नव्हती, ती आता रडली. आणि बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून, गिऱ्हाइकाला 'जरा थांबा' अशी खूण करत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळेला दाराची घंटी वाजली. तो होता. केस विस्कटलेले, काखेत जुन्या पानांचं भलंमोठं बाड.

बाबांनी वर पाहिलं. "आज काय सैल झालं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, ते मागच्या खोलीत निघून गेले. तिथे त्यांना अचानक बरंच काम आठवलं असावं.

"माझ्यामुळे झालं," तो दारातूनच म्हणाला. "मी उशिरा आलो. रात्रभर..."

"तुमच्यामुळे काही झालेलं नाही. बाईंनी सांगितलं, नवं पान वाचता येत नाही मला." ती काउंटर पुसत राहिली. "पण तुम्ही आला का नाहीत? पाठ आहे ना तुम्हाला?"

"विसरलो."

"काय विसरलात?"

"वाजवायचं." तो खाली बघत म्हणाला. "ऐकत बसलो."

काउंटर पुसणारा हात मंदावला.

"असं कधी होत नाही माझं," तो भराभर बोलू लागला. "लोक रडतात, कोलमडतात, पानं उलटी लावतात, मी चुकत नाही. सगळ्यांबरोबर जाणं, हेच तर काम आहे माझं. आणि काल तुम्ही पाठ फिरवलीत, एकट्याच निघालात, आणि मी... मी साथीदार राहिलोच नाही. नुसता समोर बसलेला माणूस झालो."

"वेणीवालीच्या वेळी तर अगदी व्यवस्थित चाललं होतं."

तो क्षणभर गोंधळला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "म्हणून पाठ फिरवली होती?"

"मुळीच नाही!"

"तुमचे कान लाल झालेत."

"दिवा आहे वरती, म्हणून."

तो हसला. काउंटरपाशी आला आणि बाड तिच्यासमोर ठेवलं. "हे बघा. जिथून मिळतील तिथून गोळा केलीत. रोज एक पान, नवं, न बघितलेलं. रोज संध्याकाळी."

"रोज?"

"रोज."

"वर्षभर पुरतील एवढी?"

"कमी पडली तर मी लिहीन."

"आणि वर्षानंतर? मला जागा मिळाली, मग?"

त्यानं बाडाच्या कडा उगाचच जुळवल्या. बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. "तोपर्यंत," तो म्हणाला, "मला तुमच्यासाठी लिहायची सवय लागलेली असेल. ती मोडायला... फार जड जाईल."

चिंगीनं फडकं बाजूला ठेवलं. त्याच्याकडे बघितलं, नीट, लपून नाही, आरशातून नाही. मग काउंटरची फळी उचलली आणि म्हणाली,

"आत ये."

'या' नव्हे. 'ये'. ते दोघांनाही ऐकू आलं. तो आत आला, इतका जवळ की त्याच्या सदऱ्याचा साबणाचा वास तिला येत होता. तिनं त्याचा हात हातात घेतला, तो गार पडला होता, आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.

मग तिनं पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं. त्यानं बाडातलं वरचं पान काढून चष्मे घालून बघायच्या आरशाला टेकवून तिच्यासमोर ठेवलं.

"एकच नियम," तो म्हणाला. "चुकलीस तरी थांबायचं नाही."

"आणि तू हसायचं नाही."

"ते जमेलसं वाटत नाही."

ती वाजवू लागली. दुसऱ्याच ओळीत चुकली. तिसऱ्या ओळीत तर असा काही सूर लागला की मागच्या खोलीतून बाबा खोकले आणि तो तोंडावर हात धरून वाकडातिकडा झाला. चिंगीला हसू आवरेना, फुंकर फुटायला लागली, डोळ्यांत पाणी आलं... पण थांबली नाही ती. पान संपेपर्यंत वाजवत राहिली, आणि संपल्यावर हात पुढे केला,

"दुसरं दे."